पुढचं घर

“आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या ताईंच्या आईंना अशीच दिवसेंदिवस ताकद येत राहो, म्हणून आपण मागू या,” पाळक म्हणाले, आणि हॉलभर खुर्च्यांचे पाय करकरले. मंडळींनी माना खाली घातल्या. सगळ्यांत मागे, दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीत घट्ट धरून ती बसली होती. तिने मान खाली घातली नाही. चष्म्याच्या दुकानातली ताई ती स्वतःच होती, आणि तिची आई थंडीच्या सुरुवातीलाच गेली होती. आता लोकांनी स्वेटर कपाटात ठेवून दिले होते, पंखे फिरायला लागले होते, आणि इथे एवढी सगळी माणसं डोळे मिटून तिच्या मेलेल्या आईच्या पायांसाठी बळ मागत होती. उठावं आणि हे थांबवावं, असं तिला वाटलं. पण भर प्रार्थनेत उभं राहून म्हणायचं काय? राहू द्या, उगाच तसदी घेऊ नका? खरं तर ती तेवढंच सांगायला आली होती. बसमध्ये रस्ताभर तिने दोन वाक्यं घोकली होती. आई वारली. बेड घेऊन जा. उपासना संपली की पाळकांना बाजूला घ्यायचं, दोन वाक्यं त्यांच्या हातावर ठेवायची आणि मिळेल त्या बसने परत यायचं, इतका साधा बेत होता. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला एक आडदांड माणूस उभा राहिला आणि मोठ्यानं मागायला लागला. त्याच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. “हे बापा, त्या आईला उभी कर. तिला चालव. तिला तिच्या पायांवर घराबाहेर आण,” तो म्हणत होता, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज चिरकला. हा कोण बाबा, तिच्या मनात आलं. आईच्या अंत्यविधीला आलेले दोन्ही मामेभाऊ घड्याळाकडे बघत उभे होते, आणि हा कोण कुठला माणूस तिच्यासाठी घसा फोडतोय. तिला त्याचा रागच आला. मग तो राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती लाज उरली.

ती ह्या मंडळीतली नव्हती. धर्माने नव्हती आणि भक्तीने तर नव्हतीच. देव असेल तर असो बापडा, पण तो कामात असणार, असं आईचं म्हणणं होतं आणि तिचंही काही वेगळं नव्हतं. चर्चशी संबंध आला तो आईच्या कमरेच्या हाडामुळे. बाथरूममध्ये पडल्यावर आई पुन्हा उठलीच नाही. हॉस्पिटलने काही दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी सांभाळा म्हणून सांगितलं, जसं काही घरात वॉर्ड मांडून ठेवलेला असतो. तिथल्या एका नर्सने तिला एक नंबर दिला. “इथे फोन करा. डोक्याकडून-पायाकडून उचलता येणारा बेड देतात, वापरून होईपर्यंत. पैसे नाहीत, धर्मबिर्म काही विचारत नाहीत,” ती म्हणाली होती. फुकट म्हटल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली. आज बेड देतील, उद्या पुस्तक वाचायला आणतील. तसं कोणी काही आणलं नाही. टायरचं दुकान आणि ड्रायव्हिंग स्कूल यांच्या मधे अंग चोरून उभं असलेलं ते चर्च. पुढे हॉल आणि मागे एक खोली. तिला सगळे मदतीची खोली म्हणत. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कुबड्या, मिटून ठेवलेल्या चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात घोंगड्यांची चळत, आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात सूप ढवळत असलेल्या दोन-तीन बायका. ते सूप परिसरातल्या एकट्या माणसांच्या घरी जाई. बेड मात्र त्या खोलीत कधी नसत. मागच्या भिंतीला ओल होती आणि ओलीने हँडलची चाकं गंजत. म्हणून बेड एका घरातून निघाला की थेट दुसऱ्या घरी जाई. पुढचं घर, असाच त्यांचा शब्द होता. आणि आधीच्या घरातलं माणूस बेडसोबत पुढच्या घरी जाई, कारण प्रत्येक बेडची आपली एक खोड असते आणि ती वापरणाऱ्यालाच ठाऊक असते. ह्या बेडचं पायाकडचं हँडल फिरवण्याआधी आत दाबावं लागे. घाई केली की ते किंचाळे. हे दाखवायला तिच्याकडे एक माणूस आला होता. हँडलं दाखवून, ती आपल्याच रुमालाने पुसून, चहासुद्धा न घेता तो निघून गेला. त्याच्याकडे कोण होतं, हे तिने विचारलं नाही. तो गेल्यावर तिने सगळा बेड फिनेलने पुसून काढला, आणि आई म्हणाली, “अगं, मलाही पूस एकदाची, म्हणजे तुझं समाधान होईल.”

प्रार्थना संपली. आमेन झालं. सगळे उठले आणि चहाच्या टेबलाकडे सरकले. ती दाराकडे सरकत होती, तेवढ्यात फोनवाल्या मावशींनी तिला गाठलं. मावशी पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी चर्चचं हे काम अंगावर घेतलं होतं. ज्या ज्या घरी वस्तू गेली असेल तिथे दर मंगळवारी फोन करायचा आणि विचारपूस करायची. तिने त्यांना एकदाच पाहिलं होतं, पण आवाज कुठेही ओळखला असता. “अगंबाई, ताई! तुम्ही इथे? मग आईंजवळ कोण आहे?” मावशींनी तिचा दंड धरूनच विचारलं. दोन वाक्यं अगदी ओठांवर होती. “शेजारीण बसलीय,” ती म्हणाली. “शेजारीण म्हणजे काय, तिला हँडल ठाऊक आहे का? जा, जा, तुम्ही निघा बघू. एवढ्यात उभ्या राहायला लागल्यात, पुन्हा पडल्या-बिडल्या तर!” असं म्हणत मावशींनी तिला जवळजवळ ढकलतच मागच्या खोलीत नेलं, सुपाचा डबा भरून झाकण दाबलं आणि तिच्या हातात दिला. “आईंना म्हणावं, एक्स्चेंजवालीने दिलंय, मीठ बेताचं आहे.” तो भाजल्या हातांचा माणूस तिथेच कोपऱ्यात वॉकरचे रबरी बूट बसवत होता. त्याने वर पाहून मान हलवली. मावशी दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “हा आपला बेकरीवाला. ह्याचे वडील जमिनीवर आहेत हो, लकवा झाल्यापासून. सध्या पुढचं घर तेच. पण तुम्ही त्याचा विचार करायचा नाही. आईंना लागतोय तोवर बेड तुमचा. तोही हेच म्हणतो.” परतीच्या बसमध्ये गरम डबा मांडीवर घेऊन ती बसली. मांडी चटके देत होती, पण डबा उचलून बाजूला ठेवावा हे तिला सुचलं नाही. घरी येऊन ते सूप तिने उभ्याउभ्या प्यायलं. मीठ खरंच बेताचं होतं.

हे सुरू झालं तेव्हा ते खोटं नव्हतंच, निदान तिला तसं वाटलं नव्हतं. आईला रात्रीतून दम लागला, हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि तिकडेच ती गेली. मामेभावांनी पुढचं सगळं केलं. दुकानात कळलं, शेजाऱ्यांना कळलं, आणि मंगळवारी नेहमीच्या वेळी फोन वाजला. “काय म्हणतात आई?” मावशींनी विचारलं. “आहे तशीच आहे,” ती म्हणाली. मेलेलं माणूस आहे तसंच असतं, त्यात खोटं काय होतं? फोन ठेवल्यावर आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं, आणि पुढच्या मंगळवारी सांगून टाकू असं तिने ठरवलं. पुढच्या मंगळवारी मावशींनी विचारलं, “आज काय खाल्लं?” आणि तिच्या तोंडून गेलं, “पावाच्या कडा काढून दिल्या तर खाते, नाहीतर तोंड फिरवते.” हे खरंच होतं. फक्त आजचं नव्हतं. मग प्रत्येक मंगळवारी ती जुन्यातलं एकेक काढून देत राहिली. आई इंजेक्शन द्यायला घरी येणाऱ्या नर्सला चिडवते ते, आई रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी भांडते ते, आई आपला जुना चष्मा टाकून लेकीचाच जुना चष्मा लावते आणि वर म्हणते, तुझ्या नंबराने जग जरा बरं दिसतं. मावशी खळखळून हसत. शहरात सगळीकडे आई मेली होती आणि फक्त त्या एका फोनवर जिवंत होती. जुनं संपत आलं तेव्हा ती नवं घालायला लागली, आणि नवं घालताना माणूस आजारी तरी कशाला घालेल? आई उशीला टेकून बसली. आई पाय खाली सोडून बसली. परवा तर आई खिडकीपर्यंत चालत गेली होती. तो फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ खिडकीकडे बघत बसली होती, आणि तिला खरोखरच आनंद झाला होता.

दुकानात तिचं काम चष्मे बसवण्याचं. काच घासून येई, ती फ्रेममध्ये बसवायची, गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, दांडी गरम करून कानामागे वाकवायची, नाकावरच्या गाद्या सारख्या करायच्या. “टोचतंय का? मान हलवून बघा. खाली वाका.” दिवसभरात तिला माणसांचा स्पर्श होई तो एवढाच, कानाच्या मागे, केस सुरू होतात तिथे. कोणी डोळे मिटून घेई, कोणाच्या कानाची पाळी थंडगार असे. मग माणूस आरशात बघे, वा म्हणे, आणि जाई. जाताना त्याला सगळं स्पष्ट दिसत असे आणि ती मात्र त्याला दिसलेली नसे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. सहाला दुकान सुटे तेव्हा मात्र वाटे. आई असताना ह्या वेळी पायांना घाई असायची, आणि त्या घाईवर ती मनातल्या मनात चिडायची. भाजी घ्यायची, औषध घ्यायचं, चादर बदलायची, आणि वर खिडकी उघडी की बंद ह्यावरून रोजचं भांडण. आता घाई नव्हती. ती दोन बसथांबे पायी चाले, दुकानांच्या काचांत बघे, आणि घरी पोचली की पर्स टेबलावर ठेवून सरळ त्या बेडवर जाऊन पडे.

पहिल्यांदा ती त्यावर बसली ते मामेभाऊ निघून गेल्यावर, बूट काढायला. मग टेकली. मग आडवी झाली. पाठीमागचा भाग उचललेलाच होता, आईला लागायचा तेवढा. तिथून खोली वेगळीच दिसत होती. तिथून दार दिसायचं, कपाटाची एक बाजू दिसायची, आणि ओट्याशी कोणी उभं असलं तर त्याची पाठ. म्हणजे इतके महिने आई माझी पाठच बघत होती, हे तिला तेव्हा कळलं, आणि ती उशीत तोंड घालून ओरडली होती. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच झोपली, आणि मग तिथेच झोपत राहिली. एकच पंचाईत होती. हँडल पायाकडे, बेडच्या खाली. झोपलेल्याच्या हाताला ते यायचंच नाही, कारण ते फिरवायला दुसरं कोणीतरी असतं असं बेड बनवणाऱ्याने धरूनच चाललेलं. पाठ वर हवी असेल तर उठायचं, फिरवायचं, परत येऊन पडायचं, जास्त झालं वाटलं की पुन्हा उठायचं. दोन-तीनदा उठबस झाली की तिला आपलंच हसू येई. आई असती तर म्हणाली असती, अगं, कवायत करतेस की झोपतेस?

रविवारी सूप प्यायल्यावर मात्र तिला त्या बेडवर पडवेना. खुर्चीत बसून ती बेडकडे बघत राहिली. बेकरीवाल्याचे वडील जमिनीवर आहेत. माणसाला जमिनीवरून उचलणं काय असतं हे तिला ठाऊक होतं, बेड येण्याआधी तिने आईला तसं उचललं होतं. आधी काखेत हात घालायचे, मग आपले गुडघे, मग त्याच्या तोंडचं ते “नको, राहू दे.” त्यात सगळ्यांत वाईट म्हणजे तेच, राहू दे. आणि हा माणूस रोज ते करून वर उभा राहून तिच्या आईसाठी बळ मागत होता. सांगितलं तर बेड जाणार, हे एक. त्यापेक्षा मंगळवारचा फोन जाणार. आणि त्याहीपेक्षा, आई त्या फोनवरूनही जाणार, ह्या वेळी तिच्याच तोंडून. हॉस्पिटलमध्ये ती गेली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, भावांनी इतरांना कळवलं होतं. तिला स्वतःला ते वाक्य अजून एकदाही कोणाला सांगावं लागलं नव्हतं. बसमध्ये घोकलं होतं तेवढंच.

मंगळवारी फोन वाजला. “मावशी, बेड आता लागत नाही,” ती एका दमात म्हणाली, आणि पुढचं वाक्य बोलायला तिने श्वास घेतला. तेवढा श्वास मावशींना पुरला. “काय सांगता! देवाची स्तुती असो!” पलीकडून आवाज फुटला, मग फोन बाजूला ठेवल्याचा ठक्क आवाज, मग मावशी कोणालातरी ओरडून सांगतायत, “अहो, चष्म्यावाल्या ताईंच्या आई चालायला लागल्या! बेड नको म्हणतायत!” आणि मागच्या खोलीतून बायकांच्या टाळ्या. पातेल्यावर पळी आपटल्यासारखा आवाजही आला. मावशी परत फोनवर आल्या तेव्हा चक्क रडत होत्या. “दर वेळी बेड परत येतो तो दुसऱ्याच कारणाने हो, ताई. असा क्वचित येतो. किती दिवसांनी आला.” आता ह्यांना कसं सांगायचं? गुरुवारी दुपारी व्हॅन येईल, बेकरीवाला स्वतः येईल, तुम्ही सोबत जा, आईंना मात्र आणू नका, दगदग होईल, असं सगळं मावशींनी ठरवून टाकलं.

गुरुवारी तिने अर्धी रजा घेतली. बेडवरची आपली चादर, आपलं पुस्तक, आपलं घड्याळ उचलून कपाटात कोंबलं. व्हॅन पाळक स्वतःच चालवत होते. ते खालीच थांबले आणि बेकरीवाला पाना घेऊन वर आला. त्याच्या अंगाला भाजलेल्या पावाचा वास होता. त्याने आधी चपला दाराबाहेर काढल्या, मग खोलीभर नजर फिरवली. “आई कुठायत?” त्याने विचारलं. “बाहेर गेलीय.” “चालत?” “हो.” तो इतका मोकळा हसला की तिला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं. त्याने बेड सोडवला. एकेक भाग खाली नेताना तो मधेच थांबून कंबर धरत होता, आणि ती दिसली की हात काढून घेत होता. बेड गेल्यावर खोली उघडीबोडकी दिसायला लागली. फरशीवर चार पायांचे चार काळे ठिपके तेवढे राहिले होते.

व्हॅनमध्ये ती मधे बसली, एका बाजूला पाळक, दुसऱ्या बाजूला तो. पाळक गर्दीतून गाडी काढण्यात गुंतले होते. बेकरीवाला बराच वेळ पाना हातात फिरवत राहिला. “तुम्हाला एक सांगू का, ताई?” तो शेवटी म्हणाला. “बाबा खाली पडलेले मला बघवायचे नाहीत. बेड कधी मिळेल, असं मनात यायचं. आणि ते आलं की त्याच्यामागून दुसरं यायचं. कळलं ना, कसलं? माणूस वाईट असतो हो. मग मी लगेच डोळे मिटायचो आणि तुमच्या आई बऱ्या होऊ देत म्हणून मागायचो. मोठ्यानं. मनात त्या दुसऱ्याला जागाच राहू नये म्हणून. भट्टीपाशी उभा असतानासुद्धा मागायचो.” पाळकांनी समोरची नजर न काढता त्याच्या गुडघ्यावर एक थाप मारली. आलं असतं ते दुसरं मनात तर चाललं असतं, त्याने कोणाचं काहीच बिघडलं नसतं, असं तिला त्याला सांगावंसं वाटत होतं. ह्या माणसाने इतके दिवस स्वतःच्या मनाशी झटापट केली, ती एका रिकाम्या जागेसाठी.

त्यांचं घर बिनलिफ्टच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. वडील मात्र जन्मभर एका मोठ्या ऑफिसात लिफ्टमन होते, हे त्यांनी स्वतःच पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. किडकिडीत म्हातारा, एका बाजूचा ओठ जरा खाली आलेला, डोळे मात्र टक्क जागे. तो खिडकीखाली जमिनीवर गादीवर पडला होता. पाळक व्हॅन लावायला जागा शोधत होते. दोघांनी मिळून बेड जोडला. मग बेकरीवाल्याने वडिलांच्या काखेत हात घातले. म्हातारा म्हणाला, “राहू दे, राहू दे,” आणि तोवर तो वर होता. तिने पायाकडे बसून हँडल दाखवलं. “आधी आत दाबायचं. मग फिरवायचं. घाई नाही करायची.” बेकरीवाला फिरवायला लागला. म्हाताऱ्याची पाठ हळूहळू उचलली गेली, डोकं खिडकीच्या वर आलं, बाहेरची छपरं त्याला दिसली असावीत. “कितवा मजला?” त्याने विचारलं. ती हसली. एवढ्या मोठ्यानं आपण हसलो ह्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

“तुमच्या आईंना आता हा नको झाला म्हणे,” म्हातारा तिच्याकडे वळून म्हणाला. शब्द जरा लडबडत होते, पण समजत होते. “चांगलं झालं. बऱ्या झालेल्या माणसाचा बेड आलाय, ह्याला नशीब लागतं. फिरतात ना आता घरात?”

बेडच्या पायाशी ती अजून उकिडवीच बसलेली होती. “नाही,” ती म्हणाली. “आई वारली.”

हँडल थांबलं.

“थंडी सुरू झाली तेव्हाच वारली,” ती म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर आता ते मिटेना. “मी मावशींना सांगितलं नाही. कोणालाच नाही सांगितलं. फोनवर सगळं खोटं सांगत होते मी. चालते, बसते, खाते, सगळं खोटं. तुमचे बाबा इथे खाली होते, आणि मला रविवारी ते कळलं, तरीसुद्धा मी सांगितलं नाही.”

बेकरीवाला उठला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. “मी रोज उचलत होतो ह्यांना,” तो म्हणाला. “रोज. पाठ गेली माझी. आणि मी तिकडे... भट्टीपाशी उभा राहून...” तो मोरीपाशी गेला, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. माफ करा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तो शब्द एवढा लहान वाटला की तिने तो गिळून टाकला. आता इथून उठायचं, जिना उतरायचा, पाळकांना तोंड दाखवायचं, आणि मग मावशींना. आणि मग पुढच्या मंगळवारी कोणी फोन करणार नाही. तिला हे सगळं स्वच्छ दिसलं, आणि आश्चर्य म्हणजे तिला हलकंही वाटलं, आणि त्या हलकेपणाची भीतीही वाटली.

“मग इतके दिवस ह्याच्यावर कोण झोपत होतं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“मी.”

“एकट्याच असता?”

“हो.”

“हँडल कोण फिरवायचं?”

“मीच. उठून.”

नळाचं पाणी वाहत होतं. “आणि मग आज कुठे झोपणार?” म्हाताऱ्याने विचारलं.

हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता. आई गेल्यापासून लोकांनी तिला धीर धरायला सांगितलं होतं, कामात मन रमवायला सांगितलं होतं, आता मोकळी झालीस असंही एका वहिनीने म्हटलं होतं. “माझी खाट भंगारात दिली होती,” ती म्हणाली. “एका खोलीत दोन मावत नव्हते. चटई आहे. चटईवर झोपेन.”

“फरशीवर?” म्हातारा म्हणाला, आणि त्याने चांगला हात उचलून मोरीकडे बोट केलं. “ए, नळ बंद कर. ही माझी गादी दे हिला.”

“बाबा, काहीतरीच काय!” बेकरीवाला वळून म्हणाला. “ती गादी कोणाला देतात का? इतके महिने तुम्ही तिच्यावर...”

“कापूस चांगला आहे तिचा. तुझ्या आईने भरून घेतली होती.” मग तो तिला म्हणाला, “वास येतो थोडा. उन्हात टाका. चालेल ना, पोरी?”

“द्या,” ती म्हणाली.

बेकरीवाल्याने नळ बंद केला, हात पँटला पुसले, आणि खाली बसून गादी गुंडाळायला लागला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याने कुठूनशी सुतळी आणली, गादीला दोन वेढे दिले, दाताने सुतळी तोडली आणि गाठ मारून ती ओढून बघितली. मग पुढचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. उठताना तो कळवळला.

“मागचं टोक धरा,” तो म्हणाला. “जिना अरुंद आहे. सांभाळून.”

तिने दोन्ही हातांनी टोक धरलं. गादी जड होती, आणि म्हाताऱ्याच्या अंगाची ऊब अजून तिच्यात होती. पहिल्याच वळणावर तिला रडू फुटलं. तिने ते दाबलं नाही, आणि पुढे चालणारा तो थांबलाही नाही, फक्त त्याने पायऱ्या जरा सावकाश उतरायला सुरुवात केली. हात गुंतलेले असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते.